वाघिणीला ट्रकमधून का न्यावं लागतं? भ्रमणमार्गांविषयी सोप्या भाषेत

२०२५च्या अखेरीस ताडोबाच्या जंगलातली वाघीण पकडून तिला थेट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आलं. बातमी आली तेव्हा लोकांनी साधेच प्रश्न विचारले. ताडोबात वाघ जास्त झाले म्हणून तिकडे पाठवले का? सह्याद्रीत एवढं दाट जंगल आहे, मग तिथे वाघ आपोआप का वाढत नाहीत? आणि ज्या जनावराला एका रात्रीत दहा-पंधरा किलोमीटर चालणं जड नाही, त्याला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घालायची वेळ का यावी?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला ताडोबात जाऊन भागत नाही, सह्याद्रीतही नाही. ती आहेत या दोन्हींच्या बाहेरच्या जमिनीत, जिथे शेती आहे, गावं आहेत, नाले, रस्ते, कालवे आणि खाणी आहेत. वन्यप्राणी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाताना अशा मधल्या जमिनीतून ज्या पट्ट्याने जातात, त्याला कॉरिडॉर किंवा भ्रमणमार्ग म्हणतात. आपण अभयारण्यं राखली आणि हे पट्टे हातचे जाऊ दिले, तर काही दशकांनी ती अभयारण्यंही आतून पोखरली जातील. हे कसं घडतं आणि टाळायचं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

वाघ घर सोडून जातोच का?

वाघाचा बछडा साधारण दोन वर्षांचा होईपर्यंत आईजवळ असतो. त्यानंतर आई त्याला जवळ ठेवत नाही. प्रत्येक मोठ्या वाघाचा स्वतःचा इलाका ठरलेला असतो. शिकार भरपूर असेल तिथे वाघिणीला वीस-तीस चौरस किलोमीटर पुरतात, कमी असेल तिथे पन्नास-साठही लागतात. नराचा इलाका याहून मोठा, दोन-तीन वाघिणींच्या इलाक्यांवर पसरलेला. जंगल भरलेलं असेल तर तरुण वाघापुढे तीनच वाटा उरतात: लढून जागा मिळवायची, लढाईत मरायचं किंवा बाहेर पडायचं. माद्या बहुधा आईच्या शेजारीच जागा शोधतात. दूर जातात ते मुख्यतः नर.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक नर वाघ. कागदोपत्री त्याचं नाव टी१-सी१, लोकांमध्ये ‘वॉकर’. टिपेश्वर जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. फेब्रुवारी २०१९मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली, जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडलं. पुढचे काही महिने तो महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या जिल्ह्यांमधून नुसता फिरत राहिला. थोडं पुढे, मग मागे, नदीकाठाने वर, पुन्हा खाली. डिसेंबरच्या सुमारास तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि तिथे थांबला. कॉलर दर तासाला त्याचं ठिकाण कळवत होती. ती काढेपर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली होती.

तो शेतांमधून, नाल्यांच्या कडेने, महामार्ग ओलांडत गेला. दिवसा झुडपात पडून राहायचा, रात्री चालायचा. रानडुकरं मारायचा, कधी गुरंही मारायचा. वाटेतल्या बहुतेक गावांना आपल्या शिवारातून वाघ गेला हे नंतरच कळलं, काहींना कधीच कळलं नसेल. एकदा मात्र तो विसावलेल्या झुडपात माणसांचा एक घोळका शिरला आणि त्यांच्यातला एक जण जखमी झाला. जखम गंभीर नव्हती. एवढ्या मोठ्या प्रवासात माणसाशी झालेली ही एकच झटापट.

ज्ञानगंगात त्याला शिकार मिळाली, जागा मिळाली. पण तिथे वाघीण नव्हती.

एकटं पडलेलं जंगल

वॉकरची अडचण एका वाघाची वाटते. प्रत्यक्षात ती सगळ्या लहान जंगलांची आहे.

एखाद्या गावाचे बाहेर जाणारे सगळे रस्ते कायमचे बंद झाले असं धरून चालू. लेक बाहेरगावी देता येत नाही आणि सून बाहेरून आणता येत नाही. पहिल्या पिढीला फारसं काही जाणवणार नाही. लोकसंख्या वाढेल, घरं भरलेली दिसतील. पण तिसऱ्या-चौथ्या पिढीत सोयरीक जुळवायला बसलं की समोरचं प्रत्येक घर भावकीतलंच निघेल. जंगलाचं तेच होतं, फक्त तिथे भावकी टाळायला कुणी बसलेलं नसतं.

नात्यात संतती होत राहिली की नेमकं काय बिघडतं? प्रत्येक प्राण्याच्या शरीरात बहुतेक जनुकांच्या दोन-दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम सांभाळून नेते आणि दोष दबून राहतो. जवळच्या नात्यातल्या जोडीची संतती असेल, तर दोन्ही प्रती सदोष असण्याची शक्यता वाढते आणि मग दोष उघडा पडतो. कधी प्रजननशक्ती घटते, कधी हृदयात व्यंग येतं, कधी रोगाशी लढण्याची ताकद कमी होते.

ओडिशातल्या सिमिलीपालचे काळे वाघ अनेकांनी फोटोत पाहिले असतील. त्यांचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ काळाच दिसतो. दिसायला देखणा, यात शंका नाही. बंगळूरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०२१मध्ये यामागचं कारण दाखवून दिलं: एका जनुकातला एक बदल, दोन्ही प्रतींमध्ये आलेला. देशातल्या इतर जंगलांमध्ये असा वाघ दिसत नाही. सिमिलीपालमध्ये मात्र जवळपास दर तीन वाघांमागे एक असा. थोड्या वाघांपासून वाढलेली आणि इतरांपासून तुटलेली संख्या असली की एखादा दुर्मीळ बदल असा पसरतो. पट्टे रुंद झाल्याने वाघाचं काही बिघडलं असेलच असं नाही. पण जो बदल डोळ्यांना दिसतो त्याच्याबरोबर न दिसणारे किती पसरले असतील, ही खरी काळजी आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात हे टोकाला गेलं होतं. तिथले प्यूमा, म्हणजे मांजरांच्या कुळातलेच मोठे प्राणी, वीस-तीसवर आले होते. शेपट्या वाकड्या, हृदयात दोष. १९९५मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून तिथे सोडल्या आणि पुढच्या काही पिढ्यांत संख्या सावरली. आठ माद्यांनी एवढं केलं. हे वाचून मला दर वेळी वाटतं की निसर्ग आपल्याकडे फार थोडं मागतो. वैज्ञानिकांचा ढोबळ हिशेबही तसाच आहे: बाहेरून दर पिढीला एखादा जरी प्राणी येऊन तिथे प्रजनन करून गेला, तरी सगळ्यात वाईट परिणाम टळतात. अर्थात हा किमान आकडा आहे. प्रत्यक्षात थोडे जास्त यावेत असाच सल्ला असतो, कारण येणारा प्रत्येक प्राणी जगतोच आणि त्याला जोडीदार मिळतोच असं नाही.

जनुकांइतकाच साधा आणखी एक धोका आहे. पंधरा-वीस वाघांच्या जंगलात एखादी रोगाची साथ किंवा शिकाऱ्यांची एक टोळी पुरते. राजस्थानात सरिस्का आणि मध्य प्रदेशात पन्ना ही दोन्ही व्याघ्र प्रकल्पाची जंगलं या शतकाच्या पहिल्या दशकात वाघांविना रिकामी झाली. शेजारच्या जंगलाशी वाट चालू असेल तर रिकामी जागा हळूहळू भरून येते. वाट नसेल तर ती रिकामीच राहते.

भ्रमणमार्ग दिसतो कसा?

बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोन जंगलांना जोडणारी झाडांची एक लांब हिरवी पट्टी येते. तशी पट्टी काही ठिकाणी आहे, पण फार थोड्या. विदर्भातला खरा भ्रमणमार्ग असा दिसतो: प्रादेशिक वनविभागाचा एक सागवानाचा तुकडा, पुढे कपाशी आणि तुरीची शेतं, मधून जाणारा नाला आणि त्याच्या काठची दाट झाडी, गावाचं गुरचरण, थोडं झुडपी जंगल, एक टेकडी, पुन्हा वनविभागाचा तुकडा. नकाशावर हे सलग दिसत नाही. वाघाला तिथे राहायचं नसतं, फक्त जायचं असतं. दिवसभर पडून राहायला सावली, रात्री पाणी आणि निवांत वाट एवढं मिळालं की तो पुढे सरकतो.

मग ही वाट शोधायची कशी? वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे. एका जंगलात कॅमेरा ट्रॅपमध्ये टिपलेला वाघ पुढे दुसऱ्या जंगलात दिसला, तर तो तिथवर चालत गेला हे उघड आहे. विष्ठेतून जनुकीय नमुने काढून कुठल्या जंगलातले वाघ कुठल्या जंगलातल्या वाघांच्या नात्यातले आहेत, हेही कळतं. मध्य भारतात अशा तपासणीतून शेकडो किलोमीटर अंतरावरच्या जंगलांमधली नाती उघड झाली आहेत. तिसरी पद्धत रेडिओ कॉलरची, वॉकरसारखी. या सगळ्यावरून संगणकावर नकाशा बनवतात. जंगल, शेत, वस्ती, रस्ता, खाण अशा प्रत्येक प्रकारच्या जमिनीतून जाणं प्राण्याला किती कठीण जातं याचा अंदाज घालायचा आणि सगळ्यात कमी त्रासाची वाट काढायची.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१४मध्ये देशातले ३२ मुख्य व्याघ्र भ्रमणमार्ग अशा रीतीने दाखवले. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. नकाशावर काढलेली ही कमी त्रासाची रेषा म्हणजे किमान गरज आहे. प्राण्यांनी त्या रेषेवरूनच चालावं असा नियम कुणी केलेला नाही. रेषेच्या दोन किलोमीटर बाजूला प्रकल्प आणायचा आणि भ्रमणमार्गाला धक्का लागला नाही म्हणायचं, हे शास्त्राला धरून नाही. ही पळवाट वापरली जाताना पाहून संताप येतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने दोन जाळी महत्त्वाची. एक पूर्वेचं: पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा, ताडोबा, टिपेश्वर आणि राज्याबाहेर कान्हा, कावल, इंद्रावती. दुसरं पश्चिमेचं: सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं कोयना-चांदोली, तिथून राधानगरी, आंबोली, तिलारी आणि पुढे गोवा व कर्नाटकातलं काली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. ताडोबापासून सह्याद्रीपर्यंत जंगलाची जोडलेली वाट मुळात नाहीच. सह्याद्रीची नैसर्गिक वाट दक्षिणेकडची, तिलारी-कालीची. त्या वाटेने अधूनमधून वाघ चांदोली-कोयनेपर्यंत येत राहिले, पण स्थिरावलेले दिसले ते नर. वाघिणी फार दूर जात नाहीत हे वर आलंच आहे. मधल्या पट्ट्यात वाघिणींनी टप्प्याटप्प्याने इलाके वसवत वर सरकावं, इतका तो पट्टा निर्धोक राहिलेला नाही. म्हणून वाघीण वाहनातून आणावी लागली.

रस्ता, कालवा, तार

विदर्भात जय नावाचा वाघ आठवणार नाही असा माणूस विरळा. २०१३मध्ये नागझिऱ्याहून तो उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला तेव्हा भ्रमणमार्ग जिवंत असल्याचा तो पुरावाच होता. २०१६मध्ये तो नाहीसा झाला, पुन्हा सापडला नाही. बोरचा बाजीराव डिसेंबर २०१७मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. ऐन वयातला नर वाघ, रस्ता ओलांडताना.

रस्त्याचा धोका सगळ्यांना दिसतो. कालव्याचा दिसत नाही. सिमेंटचं अस्तर लावलेला, उभ्या उताराच्या भिंतींचा कालवा हा प्राण्याला सापळाच. पाणी प्यायला उतरलेलं चितळ घसरतं, पोहत राहतं आणि वर चढायला पाय रोवता येत नाहीत. गोसेखुर्द धरणाच्या उजव्या कालव्यात असे प्राणी पडल्याच्या घटना सतत घडत आल्या आहेत. ठरावीक अंतरावर खडबडीत उतार ठेवले आणि वरून माती-गवत घातलेले पूल बांधले तर यातले बरेच जीव वाचतात. हे काम अवघड नाही, कालव्याच्या आराखड्यातच ते धरायला हवं एवढंच.

आणि तार. रानडुकरांनी पीक फस्त करू नये म्हणून शेताभोवती चोरून वीजप्रवाह सोडलेली तार. ती रानडुकरासाठी लावलेली असते, पण तिला वाघ, बिबट्या, नीलगाय आणि कधी शेजारचा शेतकरीही बळी पडतो. भ्रमणमार्गावरचं हे सगळ्यात क्रूर मरण. यावर नुसता गुन्हा दाखल करून भागणार नाही. ज्याचं उभं पीक एका रात्रीत जातं त्याला वेळेवर भरपाई आणि सौर कुंपणाला मदत मिळाली नाही, तर तार पुन्हा लागेल.

महामार्गाखालून जाणारी वाट

नागपूर-जबलपूर महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करायचा ठरला तेव्हा मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. शेवटी महाराष्ट्रातल्या सुमारे १६ किलोमीटरच्या जंगलपट्ट्यात प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलला गेला: पाच अंडरपास, चार छोटे पूल. रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत.

त्यातल्या मोठ्या अंडरपासखाली काय असतं ते सांगतो. वर काँक्रीटचा रस्ता, त्याच्या दोन्ही कडांना गाड्यांचे दिवे आणि आवाज अडवणाऱ्या उंच भिंती. खाली ओळीने खांब आणि खांबांमध्ये मातीच. फरशी नाही, डांबर नाही. जंगलातली पायवाट सरळ आत येते आणि पलीकडे निघते. उंची आणि रुंदी एवढी, की आत शिरणाऱ्याला पलीकडची झाडी दिसत राहते. हे पलीकडचं दिसणं फार महत्त्वाचं. हरणांना बंदिस्त, अंधाऱ्या बोळातून जायला भीती वाटते. अरुंद मोरीत ती शिरत नाहीत आणि हरणं जिथून जात नाहीत तिथे वाघालाही फारसं कारण उरत नाही.

भारतीय वन्यजीव संस्थेने मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात तिथे कॅमेरे लावले. १८ प्रकारचे वन्यप्राणी टिपले गेले. चितळ आणि रानडुकरं तर होतीच, पण रानकुत्रे आणि बिबटेही होते. वाघ ८९ वेळा दिसला आणि पट्ट्यांवरून ओळखले तेव्हा ते ११ वेगवेगळे वाघ निघाले. वरून ट्रक धावत होते आणि खालून जंगल चालत होतं.

यावरून काही जण म्हणतात, मग कुठूनही रस्ता न्या, खाली अंडरपास ठेवला की झालं. नाही. हे अंडरपास चालले कारण दोन्ही बाजूंना जंगल शाबूत आहे आणि ते पुरेसे रुंद आहेत. अंडरपासच्या तोंडाशी ढाबे, प्लॉट आणि पार्किंग आलं की तो नुसता पूल उरतो.

वाघाला सोडा, बाकीच्यांचं काय?

भ्रमणमार्गांची चर्चा वाघाभोवती फिरते, कारण कायदा आणि पैसा वाघाच्या नावावर आहे. पण वाघ चारशे किलोमीटर शेतातून जाऊ शकतो, शेकरू दोनशे मीटर मोकळ्या जागेतून जाऊ शकत नाही. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी झाडांच्या शेंड्यांवरून फिरतो. त्याच्या दृष्टीने घाटातला रुंद रस्ता म्हणजे दरीच. त्याला वरती फांद्या एकमेकांना भिडलेल्या हव्यात. आसामातल्या होल्लोंगापार अभयारण्यात रेल्वेमार्गाने हुलॉक गिबन या वानराच्या कळपांची अशीच फाळणी झाली आहे. तमिळनाडूत अन्नमलाईच्या डोंगरात वालपराईला सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावरून दोरीचे पूल टांगले आहेत आणि वानरं ते वापरतात.

रानकुत्र्यांची कथा वेगळी. कळपाने राहणारा, कळपाने शिकार करणारा हा प्राणी जगभरात संकटात आहे. गावातल्या मोकाट कुत्र्यांकडून त्याला रोग लागतात. म्हणजे भ्रमणमार्गावरच्या गावांमधल्या कुत्र्यांचं लसीकरण हाही वन्यजीव रक्षणाचाच भाग. याकडे जवळपास कुणाचंच लक्ष नाही.

मग ट्रकनेच का नेऊ नये?

आक्षेप रास्त आहे. वाट अडली असेल तर प्राणी उचलून न्या, जमीन अडवून कशाला ठेवायची?

पन्नात हे जमलं. २००९पासून बाहेरून वाघ आणून सोडले आणि आज तिथे पुन्हा वाघांची भरलेली संख्या आहे. पण त्याच पन्नात पेंचहून आणलेला पहिला नर सोडल्यावर काही दिवसांतच परत पेंचच्या दिशेने निघाला होता. सुमारे महिनाभर त्याच्या मागे फिरून त्याला पकडून आणावं लागलं. ओडिशातल्या सातकोसियात २०१८मध्ये मध्य प्रदेशातून नर आणि मादी नेली. नर काही महिन्यांतच मेला, वाघिणीला स्थानिकांच्या विरोधामुळे पुन्हा पिंजऱ्यात जावं लागलं आणि २०२१मध्ये ती परत गेली. सिमिलीपालच्या काळ्या वाघांचा प्रश्न सोडवायला २०२४च्या अखेरीस ताडोबातून जमुना आणि झीनत या वाघिणी नेल्या. त्यातली झीनत झारखंड, मग पश्चिम बंगालमध्ये फिरत राहिली आणि डिसेंबरअखेर तिथल्याच बांकुऱ्यात तिला बेशुद्ध करून पकडलं.

म्हणजे ट्रक निरुपयोगी आहे असं नाही. सह्याद्रीसारख्या ठिकाणी आज तो हवाच होता आणि तिथला प्रयोग यशस्वी व्हावा असं मनापासून वाटतं. पण तो उपचार आहे आणि प्रत्येक वेळी पथक, पिंजरा, डॉक्टर, परवानग्या आणि जिवाची जोखीम घेऊन करावा लागतो. शिवाय माणूस वाघ हलवेल, फार तर गवा हलवेल. शेकरू, साळिंदर, खवल्या मांजर, उदमांजर यांना ट्रकमधून कोण नेणार?

‘आमच्या शेतातून वाघ जाऊ द्यायचा?’

हा आक्षेप सगळ्यात गंभीर, आणि शहरात बसून तो झटकून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. चंद्रपूर, गडचिरोली, ब्रह्मपुरी भागात दरवर्षी माणसं मरतात. तेंदूपाने, मोहफुलं, सरपण आणायला गेलेली, गुरं राखणारी, गरीब माणसं. महाराष्ट्रात मृताच्या कुटुंबाला २५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे, पण पैशाने घर भरून येत नाही.

तरीही दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. वाटसरू वाघ आणि मुक्कामी वाघ. वाटसरू वाघ रात्री येतो आणि पुढे जातो. धोका वाढतो तो वाट पुढे अडल्यावर, कारण मग तो गावालगतच्या तुकड्यातच अडकतो, गुरांवर जगतो आणि माणसांच्या रोजच्या वाटेवर येतो. तरुण वाघांना जायला जागा नसली की ब्रह्मपुरीसारख्या शेती-जंगलाच्या मिश्र भागात गर्दी वाढते. भ्रमणमार्ग बंद केल्याने वाघ यायचे थांबत नाहीत, आलेले पुढे जायचे थांबतात.

गावासाठी करायच्या गोष्टी नव्या नाहीत: मेलेल्या गुराचा पंचनामा त्याच दिवशी, भरपाई महिन्याभरात, घरात गॅस म्हणजे सरपणाची खेप कमी, पहाटे-संध्याकाळी एकट्याने जंगलात न जाणं, गावातलाच प्राथमिक प्रतिसाद गट. आणि शेतीसाठी दिवसा वीज. रात्रीच्या पाळीत पाणी द्यायला शेतात जाणारा शेतकरी नेमका वाघाच्या वेळेत बाहेर असतो. वीज मंडळाचं वेळापत्रक बदललं तर जीव वाचतील, हे वनविभागाच्या हातात नाही, म्हणूनच ते मागे पडतं.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. २००६च्या दुरुस्तीने त्यात व्याघ्र प्राधिकरण आलं. व्याघ्र प्रकल्पांना जोडणारी जमीन पर्यावरणाला न पेलणाऱ्या कामाकडे वळू नये, हे पाहणं कलम ३८-ओ नुसार या प्राधिकरणाचं काम आहे. सार्वजनिक हितासाठी अपवाद करायचा तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी आणि प्राधिकरणाचा सल्ला लागतो.

अडचण अशी, की भ्रमणमार्गातली बरीच जमीन खासगी, महसुली किंवा गावाची आहे. अभयारण्याला जशी अधिसूचित हद्द असते तशी भ्रमणमार्गाला बहुधा नसते. शेतकऱ्याने शेती विकून तिथे प्लॉट पडले तर वाघाच्या कायद्याने ते थांबतंच असं नाही.

म्हणून मधले मार्ग शोधावे लागतात. एक म्हणजे संवर्धन राखीव क्षेत्र. यात सरकारी जमिनीला संरक्षण मिळतं आणि लोकांचे हक्क जात नाहीत. २०२०मध्ये महाराष्ट्राने तिलारी आणि नंतर सिंधुदुर्ग-कोल्हापूर-सातारा पट्ट्यातली अनेक क्षेत्रं अशी जाहीर केली. सह्याद्रीची दक्षिणेकडची वाट टिकवण्यासाठी तो निर्णय फार मोलाचा होता. दुसरा मार्ग सामूहिक वनहक्कांचा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९मध्ये दाखवून दिलं की गावाच्या हाती जंगल आलं तर गाव ते राखतं. विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या जमिनी वनच आहेत, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये दिला. बाहेरून ओसाड दिसणारे हे तुकडे वाघाच्या वाटेवरचे दिवसाचे मुक्काम आहेत. ते एकेक करून गेले, तर आराखड्यावरचा भ्रमणमार्ग कागदावर राहील आणि जमिनीवर तुटेल.

‘मग विकासच नको का?’

रस्ता हवा, पाणी हवं, वीज हवी. प्रश्न क्रमाचा आहे. आधी पाहायचं की भ्रमणमार्ग टाळून जाता येतं का. थोडा वळसा पडत असेल तर तो घ्यायचा. टाळणं शक्यच नसेल तर अंडरपास, ओव्हरपास, कालव्यावरचे पूल हे पहिल्या आराखड्यातच आणि त्याच खर्चात धरायचे. सगळ्यात शेवटी येते नुकसानाची भरपाई. प्रत्यक्षात बऱ्याचदा हा क्रम उलटा चालतो: आखणी आधी ठरते, मग दुसरीकडे झाडं लावण्याचे पैसे भरले जातात. दुसऱ्या तालुक्यात लावलेल्या रोपांनी इथली तुटलेली वाट जोडली जात नाही.

वाचणाऱ्याने काय करावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर कोरडं वाटेल, पण उपयोगाचं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या प्रकल्पांचे वनजमिनीचे प्रस्ताव केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर पाहता येतात. ज्या प्रकल्पांना पर्यावरणीय जनसुनावणी लागू आहे, तिची नोटीस किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात येते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायलाच हवा. तो मागून घ्यावा. त्यात चार गोष्टी शोधाव्यात: जवळची जंगलं आणि त्यांना जोडणारी वाट नकाशावर दाखवली आहे का, प्राणी ओलांडतात ती ठिकाणं प्रत्यक्ष फिरून ठरवली आहेत का, प्रत्येक अंडरपासची रुंदी मीटरमध्ये दिली आहे का, आणि काम झाल्यावर कॅमेरे लावून तपासणी कोण, किती वर्षं करणार हे लिहिलं आहे का. यातलं जे नसेल त्यावर लेखी हरकत द्यावी आणि तिची पोच घ्यावी.